अंगी न लागलेले

‘यांच्या काही अंगी लागतच नाही,’ असे आमच्या घरात बाबांविषयी कौतुकाने म्हटले जाई, आणि ‘हिच्या लगेच अंगी लागते,’ असे आईविषयी, आवाज थोडा खाली आणून. बाबांचे हातपाय सडसडीत होते, गाल बसलेले होते आणि मनगट इतके बारीक की घड्याळाच्या पट्ट्याला प्रत्येक वेळी एक जादा भोक पाडून घ्यावे लागे. आई दोन बाळंतपणांनंतर कमरेखाली रुंदावली ती तशीच राहिली. मांड्या जड, नितंब जड, दंड भरलेले. ज्या ज्या डॉक्टरांकडे ती गेली त्यांनी तिला वजन कमी करायला सांगितले, आणि तिच्याबरोबर आलेल्या बाबांकडे पाहून त्यांच्याविषयी कधी एक प्रश्नही विचारला नाही. मधुमेह झाला तो बाबांना, वयाच्या 48 व्या वर्षी. त्यामागोमाग रक्तदाब आला, आणि 63 व्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. आई आज 78 वर्षांची आहे. तिचे गुडघे दुखतात, जिना चढताना ती कठड्याचा आधार घेते, पण तिची साखर आणि रक्तातली चरबी आजही मर्यादेत आहे.

दोन माणसांच्या उदाहरणावरून नियम काढता येत नाही, हे मी जाणते. आनुवंशिकता, झोप, ताण, हालचाल अशा कितीतरी गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. तरीही वजनकाट्याने ज्या माणसाला निर्दोष ठरवले त्याच माणसाच्या शरीरात हे सगळे कसे घडले, हा प्रश्न मला अनेक वर्षे सोडत नव्हता. त्याचे उत्तर बाबांच्या पोटात होते, आणि ते आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

बाबांचा कमरेचा चामड्याचा पट्टा अजून कपाटात आहे. त्याला मुळातली पाच भोके आहेत, आणि टोकाकडे बाबांनी स्वतः दाभणाने पाडलेली आणखी दोन. प्रत्येक भोकापाशी बकलाने दाबून पाडलेली आडवी सुरकुती आहे; बकलाच्या बाजूने मोजले तर दुसऱ्या भोकापाशी ती फिकट आहे, चौथ्यापाशी खोल, आणि शेवटच्या भोकापाशी चामडे फाटायला आलेले आहे. दुसऱ्या भोकापासून सातव्यापर्यंतचे अंतर साडेबारा सेंटिमीटर भरते. ज्या काळात हे अंतर कापले गेले त्या काळात बाबांचे वजन जेमतेम सहा-सात किलोंनी वाढले होते, आणि दंड-मांड्या तर उलट बारीक झाल्या होत्या. त्यांचे पोट मऊ नव्हते, ते ताठ आणि टणक होते. लहानपणी मी त्यावर बोटाने टकटक करीत असे. ती टणक गोलाई आम्हाला ताकदीची खूण वाटे. पोटाची जी चरबी चिमटीत धरता येते ती त्वचेखालची असते, आणि चिमटीत फारसे काही न येता पोट पुढे आलेले असेल तर वाढ बहुधा स्नायूंच्या भिंतीपलीकडे, आतड्यांच्या आसपास झालेली असते, हे मला फार उशिरा समजले.

मराठीत आपण ‘पोट सुटले’ असे म्हणतो. हा शब्दप्रयोग बाहेरून पाहणाऱ्याचा आहे. आत मात्र काही सुटलेले नसते; आत दाटी झालेली असते. पोटाच्या पोकळीत आतड्यांवर पदरासारखा एक पातळ पडदा पसरलेला असतो, त्याला ओमेंटम म्हणतात. सडपातळ आणि निरोगी माणसात तो जाळीदार आणि हलका असतो. चरबी साठत गेली की तो जाड, पिवळा आणि जड होतो. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या आवरणातही चरबीचे थर वाढतात. पुरुषांमध्ये शरीरातल्या एकूण चरबीपैकी साधारण 10 ते 20 टक्के चरबी अशी आत असते आणि स्त्रियांमध्ये त्याहून बरीच कमी. म्हणजे आतली चरबी हा एकूण साठ्याचा लहान हिस्सा आहे, आणि वजनकाट्याला तो वेगळा दिसण्याची सोय नाही.

हा भेद पहिल्यांदा नीट मांडला तो फ्रान्समधल्या मार्सेय शहरातले डॉक्टर झाँ वाग यांनी, 1947 साली. पोटाकडे आणि धडाच्या वरच्या भागात चरबी धरणारी शरीरे आणि नितंब-मांड्यांकडे धरणारी शरीरे असे दोन प्रकार त्यांनी केले, आणि मधुमेह, रक्तवाहिन्यांचा कठीणपणा, गाऊट हे आजार पहिल्या प्रकाराशी जोडले. कमरेच्या घेराला नितंबांच्या घेराने भागून येणारा आकडा मोठ्या लोकसंख्येवर तपासला गेला तो 1980 च्या दशकात. स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग शहरात 1913 साली जन्मलेले 792 पुरुष त्यांच्या 54 व्या वर्षापासून तेरा वर्षे अभ्यासले गेले, आणि 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हृदयविकार आणि पक्षाघात यांचा संबंध एकूण लठ्ठपणापेक्षा या भागाकाराशी अधिक स्पष्ट दिसला. त्याच शहरातल्या 1462 स्त्रियांच्या अभ्यासातूनही तेच पुढे आले. त्याच दशकात जपानमध्ये ओसाका येथे युजी मात्सुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनच्या एका आडव्या छेदातून त्वचेखालची आणि आतली चरबी वेगवेगळी मोजायला सुरुवात केली. त्या चित्रात त्वचेखालची चरबी बाहेरच्या कड्यासारखी दिसते आणि आतली चरबी आतड्यांच्या वळणांमध्ये भरलेली. सारख्याच घेराचे दोन माणसांचे छेद शेजारी ठेवले तर एकात कडे जाड आणि आतला भाग मोकळा, आणि दुसऱ्यात कडे पातळ आणि आत गच्च भरलेले, असे असू शकते. असे दोन छेद मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ त्यांच्यावरून नजर हलवू शकले नाही. दुसरा छेद बाबांचा असता.

जागेने एवढा फरक का पडावा? पहिले कारण रक्ताच्या वाटेत आहे. शरीराच्या बहुतेक भागांतून परतणारे रक्त थेट हृदयाकडे जाते. ओमेंटम आणि आतड्यांभोवतीच्या चरबीतून निघालेले रक्त मात्र पोर्टल शिरेने आधी यकृतात जाते. चरबीची पेशी जेवणानंतर इन्सुलिनच्या सांगण्यावरून मेद साठवते आणि उपाशीपणात तो मेदाम्लांच्या रूपाने रक्तात सोडते. आतल्या पेशी हे सोडण्याचे काम जास्त सैलपणे करतात: अॅड्रिनलिनसारख्या संप्रेरकांचा इशारा त्यांना लवकर लागू पडतो, आणि इन्सुलिनचा ‘आता थांबा’ हा निरोप कमी ऐकू येतो. त्यामुळे यकृतावर मेदाम्लांचा मारा होत राहतो. यकृत त्यातला काही मेद स्वतःतच साठवते, काही ट्रायग्लिसराइड या चरबीच्या रूपाने रक्तात परत सोडते, आणि मेदाने भरलेले यकृत इन्सुलिनला जुमानेनासे होते. रक्तात साखर पुरेशी असतानाही ते आणखी साखर तयार करत राहते. सकाळी उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळते ती प्रामुख्याने या यकृताने रात्रभर सोडलेली साखर असते. बाबा रात्री काहीच खात नसत आणि तरी सकाळचा आकडा वाढलेला पाहून हताश होत. त्यांना कोणी हे एवढेच समजावून सांगितले असते तरी स्वतःवर लबाडीचा संशय घेतला जात असल्याची त्यांची भावना हलकी झाली असती.

दुसरे कारण असे की चरबी ही निमूट पडून राहणारी वस्तू नाही. 1993 मध्ये चरबीच्या पेशींतून दाहाशी निगडित असा टीएनएफ-अल्फा नावाचा पदार्थ स्रवतो आणि तो इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो, असे उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिन या चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या संप्रेरकाचा शोध लावला, आणि चरबी मेंदूला निरोप पाठवणारी एक ग्रंथीच आहे हे मान्य झाले. त्यानंतर अॅडिपोनेक्टिन हाती लागले. हे रक्तातले उपकारक प्रथिन चरबीच्याच पेशी तयार करतात, पण आतली चरबी वाढली की ते कमी होते. प्रमाणाबाहेर फुगलेल्या पेशींना प्राणवायू अपुरा पडतो, त्यातल्या काही मरतात, त्यांचा निचरा करायला रक्तातल्या भक्षक पेशी गोळा होतात, आणि एक मंद, न दुखणारा दाह वर्षानुवर्षे चालू राहतो. ताप येत नाही, वेदना होत नाही, म्हणून माणूस स्वतःला धडधाकट समजतो.

येथपर्यंतची गोष्ट सरळ आहे आणि बहुतेक ठिकाणी ती येथेच संपवली जाते. मला ती अपुरी वाटते. आतली चरबी हीच सर्वस्वी गुन्हेगार असेल तर ती काढून टाकली की प्रश्न सुटायला हवा. तसा प्रयत्न झाला आहे. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेबरोबर काही रुग्णांचे ओमेंटमही काढून टाकून पाहिले गेले, आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात त्यामुळे इन्सुलिनच्या कामात कोणतीही जादा सुधारणा आढळली नाही. पोर्टल शिरेतल्या मेदाम्लांचा हिशेब मांडला गेला तेव्हाही, लठ्ठ माणसांमध्येसुद्धा त्यांपैकी साधारण पाचवा हिस्साच आतल्या चरबीतून आलेला असतो आणि उरलेला भाग शरीरभर फिरून आलेला असतो, असे दिसले. म्हणजे वर सांगितलेली वाट खरी आहे, पण तिच्यावरून येणारे ओझे मी समजत होते त्यापेक्षा कमी आहे.

याच्या उलट बाजूचा प्रयोग मला अधिक विचार करायला लावतो. 2004 मध्ये सॅम्युएल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी 15 लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची त्वचेखालची चरबी लायपोसक्शनने, म्हणजे नळीने ओढून, काढली, सरासरी नऊ-दहा किलो. एवढी चरबी आहारातून कमी झाली असती तर रक्ताच्या साऱ्या तपासण्या पालटल्या असत्या. दहा-बारा आठवड्यांनी पाहिले तेव्हा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब, रक्तातली चरबी, दाहाच्या खुणा, यांपैकी काहीही बदललेले नव्हते. जे दिसत होते ते गेले, आणि आजार जागच्या जागी राहिला.

आणि तिसरे उदाहरण तर आपल्या सगळ्या समजुतींच्या विरुद्ध जाणारे. लिपोडिस्ट्रॉफी नावाच्या एका दुर्मीळ विकारात शरीराला त्वचेखाली चरबी साठवताच येत नाही. असा माणूस दिसायला पीळदार असतो, शिरा वर आलेल्या, चरबीचा लवलेश नाही. पण त्याचे यकृत मेदाने भरून मोठे झालेले असते, रक्तातले ट्रायग्लिसराइड भयावह वाढलेले असते आणि मधुमेह लहान वयातच तीव्र रूपात आलेला असतो. 2000 साली, अशाच चरबीहीन केलेल्या उंदरांच्या त्वचेखाली दुसऱ्या उंदरांची निरोगी चरबी बसवली गेली. त्यांचा मधुमेह मागे हटला. चरबी घातल्याने मधुमेह बरा झाला, हे वाक्य मी वाचले तेव्हा आईची आठवण होऊन माझे डोळे भरून आले. जन्मभर जिच्या मांड्यांना दोष दिला गेला, त्या मांड्याच तिला सांभाळत होत्या.

कारण चरबीचे पहिले काम साठवण्याचे आहे, आणि ते काम त्वचेखालची चरबी, विशेषतः नितंब आणि मांड्यांची, उत्तम प्रकारे करते. ती जेवणानंतरचा मेद झटपट उचलते आणि सावकाश सोडते. काही आठवडे जास्त खाऊ घालून केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की मांड्यांमध्ये नव्या चरबीपेशी तयार होऊन साठा वाढतो, तर पोटाच्या त्वचेखाली असलेल्याच पेशी फुगतात. नव्या पेशी तयार होणे ही सुरक्षित वाढ आहे. जुन्या पेशी ताणल्या जाणे ही धोक्याची. प्रौढपणी आपल्या चरबीपेशींची एकूण संख्या फारशी बदलत नाही, दरवर्षी सुमारे 10 टक्के जुन्या जातात आणि तेवढ्याच नव्या येतात, हे स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पॉल्डिंग यांनी 2008 मध्ये दाखवले, आणि तेही अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बनचा पेशींत उरलेला अंश मोजून. म्हणजे कोठाराचा आकार बराचसा लहानपणी आणि कुमारवयातच ठरलेला असतो. आपापल्या कोठारात मावेल तोवर सगळे ठीक चालते. ते भरले, की मेद जेथे जागा मिळेल तेथे जातो: आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात, हृदयाच्या आवरणात. आतले भरलेले पोट हे त्या उतू जाण्याचे सर्वांत सहज दिसणारे चिन्ह आहे. ते स्वतःही उपद्रव करते, पण त्याहून जास्त ते सांगते की शरीराची सुरक्षित जागा संपली आहे.

त्यामुळे ‘अंगी लागत नाही’ या वाक्याचा अर्थच माझ्यासाठी बदलला. खाल्लेले कोठे तरी लागतेच. ज्याच्या अंगी, म्हणजे त्वचेखाली, हातापायांना, मांड्यांना लागत नाही, त्याच्या ते आत लागते. 2017 साली जनुकांच्या एका मोठ्या अभ्यासात 53 अशा जागा सापडल्या ज्यांचा इन्सुलिनला कमी प्रतिसाद मिळण्याशी संबंध आहे. त्यांचा ठळक परिणाम पायांकडची चरबी कमी असणे हा होता. बाबांचे बारीक पाय हे त्यांचे भाग्य नव्हते.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याला, म्हणजे बीएमआयला, यातले काहीच दिसत नाही. तो आकडा बेल्जियन गणिती अडोल्फ केतेले यांनी एकोणिसाव्या शतकात माणसांच्या समूहांचे वर्णन करण्यासाठी काढला होता, आणि एका माणसाच्या प्रकृतीचा निवाडा करण्यासाठी तो नंतर वापरात आला. 2004 मध्ये चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन संशोधकांनी द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे आणि मापे छापली. दोघांचाही बीएमआय 22.3 होता. युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. एका पानाचा तो मजकूर आहे, पण ‘तुमचे वजन योग्य आहे’ असे म्हणण्याआधी प्रत्येक डॉक्टरने तो एकदा पाहावा असे मला मनापासून वाटते.

मला हे वाक्य ऐकवले गेले तेव्हा मी 51 वर्षांची होते. माझे वजन तीस वर्षांत फारसे हललेले नव्हते. रजोनिवृत्तीनंतर मात्र कपडे कमरेला घट्ट आणि मांड्यांना सैल होऊ लागले. डॉक्टरांनी वजन पाहिले, तक्ता पाहिला आणि काळजीचे कारण नाही म्हणून सांगितले. वर्षभराने वेगळ्याच कारणासाठी सोनोग्राफी झाली आणि अहवालात फॅटी लिव्हर असे दोन शब्द आले. इस्ट्रोजेन असेपर्यंत स्त्रीचे शरीर चरबी नितंब-मांड्यांकडे पाठवते. ते कमी झाले की वजन न वाढताही तीच चरबी पोटाकडे सरकू लागते. माझे कपडे मला हे वर्षभर सांगत होते. मी वजनकाट्याचे ऐकले.

त्यानंतरच्या तपासणीत एका परिचारिकेने पहिल्यांदा माझ्या कमरेला टेप लावली. तिने आधी बोटांनी चाचपून शेवटची बरगडी शोधली, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधली, आणि दोहोंच्या मधोमध पेनाने बारीक खूण केली. पाय जुळवून, हात बाजूला सैल सोडून मला उभे केले. ‘ताई, पोट आत ओढू नका, श्वास नेहमीसारखा सोडा,’ ती म्हणाली. मी पोट आत ओढले आहे हे मला कळलेही नव्हते. श्वास सुटल्यावर तिने टेप त्वचेला लागेल पण रुतणार नाही इतकीच ताणली आणि आकडा वाचला: 88. माझी उंची 156 सेंटिमीटर आहे. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, हा साधा नियम ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही 2022 मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतला; त्याप्रमाणे मी 78 च्या आत असायला हवी होते. माझ्या कपड्यांवरच्या नंबरवरून मी स्वतःला 76 ची समजत होते. कपड्याची कंबर आणि शरीराची कंबर एकाच जागी नसते. पुरुषांच्या बाबतीत तर पट्टा पोटाच्या खाली सरकत जातो आणि पँटचा नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो.

ठरवलेल्या मर्यादा जागोजागी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळेपणातही अर्थ आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने युरोपीय पुरुषांसाठी 94 सेंटिमीटर आणि दक्षिण आशियाई पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर मर्यादा सांगितली, दोन्हीकडच्या स्त्रियांसाठी 80. जपानने मात्र पुरुषांसाठी 85 आणि स्त्रियांसाठी 90 ठरवली. स्त्रियांची मर्यादा जास्त, हे प्रथमदर्शनी चुकीचे वाटते. पण त्यांनी सीटी स्कॅनवर आतल्या चरबीचे 100 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ ही एकच रेषा धरली आणि तेवढी आतली चरबी किती घेराला आढळते ते पाहिले. स्त्रीच्या त्वचेखालचे कडे जाड असते, म्हणून तेवढीच आतली चरबी असताना तिचा घेर जास्त भरतो. टेपला त्वचेखालची आणि आतली चरबी वेगळी ओळखता येत नाही, हे तिचे उणेपण आहे. म्हणूनच घेराबरोबर रक्ताचे आकडे पाहावे लागतात. चयापचयाच्या विकारसमूहाचे, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोमचे, निदान पाच गोष्टींपैकी तीन आढळल्या की करतात: वाढलेला घेर, 150 किंवा त्याहून जास्त ट्रायग्लिसराइड, कमी झालेले एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, 130/85 किंवा त्यावरचा रक्तदाब, आणि उपाशीपोटी 100 किंवा त्याहून जास्त साखर. पाचही गोष्टी तपासायला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. बाबांच्या जुन्या कागदांत त्यांतल्या चार गोष्टी निदानाच्या कितीतरी आधीपासून नोंदलेल्या आहेत, वेगवेगळ्या पानांवर. पाचवी गोष्ट पट्ट्यावर नोंदलेली होती.

या साऱ्यात एक दिलासा आहे, आणि तो खरा आहे. आत उतू गेलेला मेद जसा सहज साठतो तसा तो सहज निघतोही. वजन थोडे जरी उतरले तरी आतली चरबी प्रमाणाने जास्त घटते. नियमित वेगाने चालणे, धावणे, पोहणे अशा दम लागणाऱ्या व्यायामाने तर काटा न हलताही ती कमी होते. पोटाच्या स्नायूंचे शंभर व्यायाम करून मात्र पोटाचीच चरबी निवडून जाळता येत नाही. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातले रॉय टेलर यांनी मधुमेह असलेल्या 11 जणांना आठ आठवडे दिवसाला सुमारे 600 कॅलरींचा आहार दिला. पहिल्या सात दिवसांतच यकृतातला मेद झपाट्याने घटला आणि उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली. स्वादुपिंडातला मेद आणि इन्सुलिनचे स्रवणे पूर्वपदावर यायला उरलेले आठवडे लागले. असा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणीही घेऊ नये. टेलर यांनी पुढे मांडलेली कल्पना मात्र कोणालाही समजून घेता येते: प्रत्येक माणसाची मेद सामावण्याची एक स्वतःची मर्यादा असते, आणि कोणी शंभर किलोंनाही तिच्या आत असते तर कोणी साठ किलोंनाच तिच्या पलीकडे गेलेले असते. बाबांना कोणी लठ्ठ म्हटले नाही, पण ते स्वतःच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेले होते. आठ-दहा किलो उतरवायला त्यांना कोणी सांगितले असते, तर ऐकणाऱ्या प्रत्येकाने ‘यांच्या अंगावर उतरवण्यासारखे आहे काय’ असेच म्हटले असते, आणि बहुधा मीही.

मी गेली दोन वर्षे रोज पाऊण तास वेगाने चालते आणि आठवड्यातून दोनदा वजने उचलते, कारण पायांचे भरीव स्नायू रक्तातली साखर सर्वांत जास्त उचलतात. वजन साडेतीन किलोंनी उतरले आहे. मधल्या एका तपासणीत यकृताचा शेरा ‘सौम्य’ असा झाला होता, शेवटच्या तपासणीत तो निघून गेला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आई माझी कंबर मोजते. तिच्या शिवणयंत्राच्या खणातली जुनी टेप आहे. तिच्या सुरुवातीचे दोन सेंटिमीटर झिजून आकडे पुसले गेले आहेत, म्हणून आम्ही दहाच्या आकड्यापासून धरतो आणि नंतर दहा वजा करतो. मी एकटीने मोजायचा प्रयत्न केला होता, पण पाठीमागे टेप खाली घसरते आणि आकडा चुकतो. आई मागे उभी राहून टेप दोन्ही हातांनी वर उचलते, आडवी आहे ना ते वाकून पाहते, आणि माझा श्वास पूर्ण सुटेपर्यंत थांबते. या रविवारी तिने 91 वाचले आणि वहीत स्वतःच्या हाताने 81 लिहिले. मग टेप माझ्या हातात देऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, ‘आता माझी.’